आजोबांच्या लेनमध्ये: पिढ्यांनी एकत्र व्यायाम केला तर खेळाडूच्या मनाला फरक पडतो का?

धापाधाप (धागाकर्ता)
मंडळी, आधी पार्श्वभूमी, मग प्रश्न.

मुलगी १७ वर्षांची, ८०० मीटर पळते. सहा महिन्यांपूर्वी २:१७ लावलं आणि तेव्हापासून घड्याळ तिथेच अडकलंय. सरावाहून आली की बूट दारात भिरकावते, जेवताना बोलत नाही, रात्री जुने निकाल चाळत बसते. मी काही विचारलं की "बाबा, प्लीज!"

माझे वडील ७१ वर्षांचे. रोज सकाळी त्याच ट्रॅकवर सहा फेऱ्या मारतात, थोडं चालत, थोडं पळत. फेऱ्यांचा हिशेब खड्यांवर. डाव्या खिशात सहा खडे, फेरी झाली की एक उजव्या खिशात. मागच्या महिन्यात कोचनी लेकीला आठवडाभर हलकं पळायला सांगितलं, तर ती आजोबांसोबत गेली. आली ती हसत. दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा गेली. आता आठवड्यातून तीनदा जाते आणि बूट जागेवर असतात.

कोच म्हणतात, विश्रांती म्हणून ठीक आहे, सवय लावू नका. माझी बहीण म्हणते, हेच खरं औषध. वेगवेगळ्या पिढ्यांनी एकत्र व्यायाम केला तर स्पर्धेतल्या खेळाडूच्या मनाला खरोखर फायदा होतो, की ही चार दिवसांची नवलाई? अनुभव लिहा. उपदेशही लिहा, नको म्हटलं तरी लिहिणारच आहात.

निवांत
शेवटचं वाक्य वाचून टाइप केलेला उपदेश पुसला. वाचतोय.

शिट्टीवाला
कोचची बाजू इथे कोणी घेणार नाही, म्हणून मी घेतो. मीही शिट्टी फुंकूनच पोट भरतो.

मध्यम पल्ल्याच्या पोरांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे हलक्या दिवशीसुद्धा दामटून पळणं. "गप्पा मारता येतील इतकं हळू" म्हटलं की माना डोलावतात आणि दुसऱ्या फेरीला धापा टाकत असतात. आजोबांबरोबर तिला दामटताच येत नाही. म्हणजे कित्येक महिन्यांनी तिला खरा हलका दिवस मिळाला. पाय ताजे झाले, झोप सुधारली, मूड सुधारला. यात पिढ्यांचा संबंध काय? आजोबांच्या जागी कासव असतं तरी चाललं असतं.

उडती_खार
कासवाला खडे मोजता येत नाहीत. पुढे.

फिजिओताई
शिट्टीवाला यांच्याशी निम्मी सहमत. पण धागाकर्ते, गप्पा पुढे जाण्याआधी एक महत्त्वाचं. १७ वर्षांची पळणारी मुलगी, वेळ अडकलेली, चिडचिड, गप्प गप्प. याचं कारण मन असेल असं धरून चालू नका. रक्त तपासा, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा). पाळी नियमित आहे का, हे आईला विचारू द्या. जेवढं जळतं तेवढं पोटात जात नसेल तर शरीर एकेक खातं बंद करायला लागतं: आधी पाळी, मग हाडं, आणि मूड तर केव्हाच गेलेला असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं. मुलांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी धोक्याची घंटा नसते.

आजोबा चालू ठेवा. तपासणीही करा.

धापाधाप
ताई, धन्यवाद. हे डोक्यातच आलं नव्हतं. या आठवड्यात करतो.

आकडेबहाद्दर
आता माझी पाळी (म्हणजे टर्न हो).

"एकत्र" या शब्दात दम आहे, हे दाखवणारा एक छोटा पण गमतीदार प्रयोग ऑक्सफर्डमध्ये २००९ साली झाला. रोइंगच्या संघातले १२ जण, वल्हवण्याच्या यंत्रावर ४५ मिनिटं. कधी एकट्याने, कधी सहाजणांच्या गटाने एका लयीत. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवत न्यायचा आणि दुखायला लागलं की सांगायचं. एकत्र वल्हवल्यानंतर त्याच पोरांची वेदना सोसण्याची ताकद स्पष्ट वाढलेली होती. लावलेला जोर मात्र दोन्ही वेळा सारखाच! म्हणजे मेहनत तीच, शरीरातून मिळालेलं बक्षीस जास्त. संशोधकांनी त्याचा संबंध एंडॉर्फिनशी, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामकाशी जोडला. (अवांतर: पळून झाल्यावरच्या तरतरीचं श्रेय सरसकट एंडॉर्फिनला द्यायची पद्धत आता मागे पडतेय. २०१५ च्या उंदरांवरच्या जर्मन प्रयोगात पळल्यानंतर भीती कमी होण्यामागे एंडोकॅनाबिनॉइड, म्हणजे शरीरातच बनणारी गांजासारखी रसायनं निघाली.)

दुसरं, कोपनहेगनचा अभ्यास, प्रसिद्ध झाला २०१८ मध्ये. सुमारे साडेआठ हजार माणसं, २५ वर्षांपर्यंत पाठपुरावा. बैठ्या लोकांच्या तुलनेत टेनिस खेळणारे ९.७ वर्षं जास्त जगले, बॅडमिंटनवाले ६.२, जॉगिंगवाले ३.२ आणि जिमवाले १.५. ज्यात समोर माणूस लागतो ते खेळ वर.

खडूस
आणि टेनिस परवडणारी माणसं मुळातच खाऊनपिऊन सुखी असतात, हे कोण सांगणार? शिवाय हे आयुष्याचं मोजमाप आहे, आनंदाचं नाही. माझे एक नातेवाईक ९१ वर्षं जगले, त्यातली नव्वद कुरकुरत.

आकडेबहाद्दर
मान्य. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे. टेनिसमुळेच वर्षं वाढली असं त्याचे लेखकही म्हणत नाहीत. आणि रोइंगवाली पोरं एकाच वयाची होती, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. पिढ्यांचा भाग त्यात नाही.

उलटा_श्वास
धागा वाचून गोड गोड वाटतंय सगळ्यांना, म्हणून मीठ टाकते.

आमच्या घरात दोन पिढ्या पोहतात. आत्या, बाबा, मी. माझ्या वयाच्या नऊपासून अठरापर्यंत बाबा शेजारच्या लेनमध्ये पोहायचे. बाहेरून बघणारे म्हणायचे, काय भाग्यवान पोर. भिंतीला हात लागून डोकं वर काढलं की पहिली गोष्ट दिसायची ती त्यांचं मनगट. घड्याळावरची बोटं. ते काही बोलायचेच नाहीत. भुवई जरा वर गेली की मला कळायचं, पाव सेकंद गेला. टर्न घेताना मी श्वास डावीकडे घ्यायला शिकले, कारण उजवीकडे ते असायचे. त्यापायी आजही माझा स्ट्रोक वाकडा आहे.

अठराव्या वर्षी सोडलं ते दहा वर्षं पाण्यात पाय घातला नाही. तेव्हा "पिढ्यांनी एकत्र व्यायाम केला की आनंद" हे वाक्य मला तरी असंच्या असं पचत नाही.

साठीपार
उलटा_श्वास, वाचून गलबलून आलं. माझ्या मुलाने कधी काही लिहिलं तर त्यात माझंही मनगट असेल की काय, असं वाटून गेलं.

मी ६९. मास्टर्समध्ये, म्हणजे पस्तिशीपुढच्यांच्या स्पर्धांत, ४०० मीटर पळतो. म्हाताऱ्यांची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. तरुणांबरोबर सराव करताना आम्हाला सगळ्यात जास्त काय टोचतं? "या वयातही!" हे. पोरं मनापासून म्हणतात, पण ऐकताना वाटतं की आपण धावपटू नाही, प्रदर्शनातली वस्तू आहोत. मला कोणी म्हणावं, "काका, तिसऱ्या शंभरात तुमचे खांदे वर जातात." परवा एक विशीची मुलगी म्हणाली. दिवसभर खूश होतो.

आमच्या दुनियेची गंमत सांगतो. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये ३५ पासून दर पाच वर्षांचा एक गट. त्यामुळे जगात सगळे वाढदिवसाला उसासे टाकतात तेव्हा आम्ही सत्तरीची वाट बघत असतो, कारण सत्तरीच्या गटात मी सगळ्यात 'कोवळा' असणार! ६९ हे फार वाईट वय आहे. समोर ६५ ची पोरं येऊन मारून जातात.

उडती_खार
"६५ ची पोरं" :)) काका, नमस्कार घ्या.

मधलीफळी
मान कौर यांचं नाव अजून कसं आलं नाही? ९३ व्या वर्षी पळायला लागल्या. आणि त्यांना मैदानावर नेणारे, सराव घेणारे कोच म्हणजे त्यांचा मुलगा गुरदेव सिंग, तोही सत्तरी ओलांडलेला. २०१७ मध्ये ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये १०१ व्या वर्षी १०० मीटर ७४ सेकंदांत. मुलगा आईचं घड्याळ लावतोय. उलटा_श्वास, तुमच्या चित्राची बरोबर उलटी बाजू.

आणि दुसरं टोक म्हणजे ओक्साना चुसोविटिना. १९९२ ते टोकियोपर्यंत सलग आठ ऑलिंपिक, जिम्नॅस्टिक्समध्ये! टोकियोत ती ४६ ची आणि तिचा मुलगा १९९९ चा, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या बऱ्याच मुली तिच्या मुलापेक्षा लहान. मुलाला ल्युकेमिया झाला, त्याच्या उपचारांसाठी ती जर्मनीत गेली आणि २००८ मध्ये जर्मनीकडून व्हॉल्टचं रौप्य जिंकली. टोकियोत तिची शेवटची उडी झाल्यावर रिकाम्या स्टेडियममध्ये बाकीच्या मुली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. त्या मुलींच्या मनाचं काय झालं असेल, हा मला पदकापेक्षा मोठा प्रश्न वाटतो. विशीत "संपलं माझं" असं वाटणाऱ्या खेळात शेजारी ४६ ची बाई चुना लावून उभी आहे.

खडूस
हाताला चुना. स्पष्ट लिहा, नाहीतर अर्थ बदलतो.

मधलीफळी
हाहाहा, हाताला!

नेटपलीकडे
मी मूळ प्रश्नाच्या थोडं पुढचं लिहितो. तरुण खेळाडूचं नाही, संपलेल्या खेळाडूचं.

बॅडमिंटन दुहेरी, पंधरा वर्षं स्पर्धेत. ३४ व्या वर्षी घोटा गेला. शस्त्रक्रिया झाली, घोटा बरा झाला, मी झालो नाही. सकाळी पाचला जाग यायची आणि उठून करायचं काय, हेच कळायचं नाही. कोणी "काय करता?" विचारलं की तोंडून "खेळतो" निघायचं आणि मग शरम वाटायची. मानसशास्त्रात याला 'खेळाडू म्हणून असलेली ओळख' म्हणतात आणि ती मोजायची प्रश्नावली १९९३ पासून आहे, हे मला नंतर समुपदेशकांकडून कळलं. ज्याची सगळी ओळख एका खेळात कोंबलेली, त्याला खेळ सुटताना जास्त जड जातं. अभिनव बिंद्रानेही २००८ च्या सुवर्णानंतरच्या पोकळीबद्दल उघडपणे सांगितलंय. जलतरणपटू मायकेल फेल्प्सनेही. तिथे तर हरण्याचाही प्रश्न नव्हता.

चार वर्षांनी पुतण्या ओढत कोर्टवर घेऊन गेला. तो आणि त्याचे मित्र, सगळे विशीच्या आतबाहेर. पहिला महिना भयानक. जी शटल डोळे मिटून घेतली असती ती जमिनीवर पडताना बघायची. गाडीत बसून रडलोय, खोटं कशाला सांगू. मग एकदा त्यातला एक पोरगा सहज विचारता झाला, "सर्व्हिसच्या आधी तुम्ही रॅकेट जरा उजवीकडे झुकवता, ती हूल असते का?" माझं मलाच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही तासभर फक्त सर्व्हिस केली. आता ते जोरात मारतात, मी नेट सांभाळतो. दहातले सात सामने हरतो. पाचला जाग येते, तेव्हा उठतो.

गोळ्याही दीड वर्ष घेतल्या, तेही लिहितो. नाहीतर कोणीतरी गोळ्या बंद करून बॅडमिंटनला जायचं.

फिजिओताई
शेवटच्या ओळीसाठी तुम्हाला सलाम. व्यायामाने नैराश्य कमी होतं, हे भरपूर चाचण्यांमधून दिसलंय. चालणं-जॉगिंग, योग, वजनं उचलणं, तिन्ही उपयोगी. पण चालू असलेलं औषध परस्पर बंद करायचा परवाना त्यातून मिळत नाही.

शिट्टीवाला
नेटपलीकडे यांचं वाचून माझं कासव मागे घेतो. पूर्ण नाही, चारपैकी दोन पाय.

पण मग फरक कुठे पडतो ते तरी नीट पकडू. उलटा_श्वासचे बाबा आणि हे आजोबा, दोघेही शेजारच्या लेनमध्ये. एकाने मुलगी पाण्याबाहेर घालवली, दुसऱ्याने बूट जागेवर आणले. माझ्या मते ज्याच्या हातात निकाल असतो त्याच्यासोबत पळणं हा सरावच, मग तो बाप असो की मित्र. ज्याला तुमच्या निकालाने काहीच फरक पडत नाही त्याच्यासोबत पळणं ही वेगळी गोष्ट. पिढीचा फायदा एवढाच की मधे एक पिढी गेली की स्पर्धा आपोआप गळून पडते.

उलटा_श्वास
शिट्टीवाला, "निकालाने फरक पडत नाही" हे तितकं खरं नाही. आजोबांना फरक पडत असेलच, नात आहे. ते दाखवत नसतील.

आणि माझी गोष्ट मी अर्धीच सांगितली. २८ व्या वर्षी परत पाण्यात गेले ती आईमुळे. आई ५८ व्या वर्षी पोहायला शिकायचं म्हणाली. आयुष्यभर तिने काठावर बसून टॉवेल धरले होते. तिला तरंगायला शिकवताना मानेखाली हात धरायचा असतो. पहिले काही दिवस मान दगडासारखी कडक. सातव्या की आठव्या दिवशी ती मान एकदम सैल झाली, डोक्याचं सगळं वजन माझ्या तळहातावर आलं. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी त्या दिवशी आईला काठावर बसवून एकटी वीस लॅप मारले, घड्याळ न लावता. श्वास दोन्हीकडून घेतला.

म्हणून माझं म्हणणं, मोठ्यांनी शिकवण्यापेक्षा मोठ्यांनी शिकावं. मग बघा.

साठीपार
मुलाला आज फोन करतो. तो सायकल चालवतो. मला गिअर बदलता येत नाहीत. आजवर कबूल केलं नव्हतं.

निवांत
हा धागा आता 'घरोघरी' विभागात हलवावा लागणार.

धापाधाप
बरेच दिवसांनी येतोय. सगळं वाचलं, बायकोलाही वाचायला दिलं.

आधी तपासणीचं. फिजिओताई, हिमोग्लोबिन ठीक निघालं, फेरिटिन बरंच खाली. पाळीही मध्यंतरी दोन महिने चुकली होती, आम्हाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या, जेवणाचं वेळापत्रक आणि सरावात कपात सांगितली. तेव्हा तुमचे हात जोडून आभार.

खडूस
म्हणजे आजोबा की लोह? निकाल लावता येणार नाही. आकडेबहाद्दर, दोन मुली आणि चार आजोबा घेऊन प्रयोग करा.

धापाधाप
खडूस, बूट जागेवर आले ते गोळ्या सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी. पण तेव्हा सरावही हलकाच होता, त्यामुळे शिट्टीवाला परत कासव काढतील.

म्हणून मी काल स्वतःच जाऊन पाहिलं. ट्रॅकच्या कुंपणाबाहेर, झाडामागे. हो, हसा. दोघं सगळ्यात बाहेरच्या लेनमध्ये, आठव्या. वडील म्हणतात, आतली लेन पळणाऱ्यांची, आपण वाटेत येऊ नये. लेक त्यांच्या अर्धं पाऊल मागे. त्यांचा दम लागला की ती मुद्दाम बुटाची नाडी बांधायला वाकते. चार फेऱ्यांत तीनदा नाडी सुटली. वडील थांबून आकाश बघतात, म्हणजे त्यांनाही कळलेलं असतं.

घरी आल्यावर तिला सरळ विचारलं, आजोबांबरोबर काय बरं वाटतं? म्हणाली, "बाबा, आठव्या लेनमध्ये फेरी चारशेची नसते. तिथे वेळ लावून काही कळतच नाही."

आकडेबहाद्दर
थांबा थांबा. मुलगी बरोबर आहे. प्रमाणित ट्रॅकवर लेनची रुंदी १.२२ मीटर. आठव्या लेनची पूर्ण फेरी सुमारे ४५३ मीटर भरते. म्हणजे आजोबा फेरीमागे ५३ मीटर जास्त जातात. रोज सहा फेऱ्या म्हणजे ३१८ मीटर. किती वर्षं चालू आहे हे?

धापाधाप
निवृत्तीपासून. अकरा वर्षं.

आकडेबहाद्दर
वर्षाचे ३०० दिवस धरू. वर्षाला ९५ किलोमीटर, अकरा वर्षांत हजाराच्या वर. हे सगळं हिशेबाबाहेर. आजोबांना कळवा, खडे कमी पडतायत.

साठीपार
हजार किलोमीटर फुकट! मी उद्यापासून आठव्या लेनमध्ये.

शिट्टीवाला
मी माझ्या मुलांचा हलका दिवस पुढच्या आठवड्यापासून आठव्या लेनमध्ये घेतोय, घड्याळं काढून. आजोबा मिळाले तर तेही. तुमच्या कोचना हे सांगू नका, श्रेय मी घेणार आहे.

धागाकर्ते, तिला स्पर्धेच्या सरावासाठी मात्र पहिली लेन लागेलच. ती सोडू देऊ नका.

धापाधाप
सोडणार नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार कोचकडे, पहिल्या लेनमध्ये. परवा २:१८ आलं. २:१७ नाही, पण जेवताना स्वतःहून सांगितलं आणि पुढे म्हणाली, "तिसऱ्या दोनशेत झोपले."

वडिलांना हजार किलोमीटरचा हिशेब वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तरीच गुडघे दुखतात." आज सकाळी बघतो तर टेबलावर खडे पाचच. सहावा कुठे म्हणून विचारलं, तर लेकीने ट्रॅकपँटच्या खिशावर थाप मारली आणि दोघं बाहेर पडली.